पेशंटजवळचं माणूस

मिरजेतल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात रात्री दहानंतर गेलात, तर व्हरांड्यात भिंतीकडेला चटया पसरलेल्या दिसतात. वॉर्डात पेशंटजवळ एकाच माणसाला थांबू देतात, बाकीचे बाहेर. तिथे अनोळखी माणसांची बोलणी सुरू होतात ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने: "तुमचं कोण हाय आत?" जतची सून, अथणीकडून आलेला शेतकरी, पलूसचे निवृत्त मास्तर. गाव वेगळं, जात वेगळी, कधी बोलणंही अर्धं मराठी अर्धं कानडी. तासाभरात ही माणसं एकमेकांना असं काही सांगून बसतात, जे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नसतं. "खरं सांगू का, आता वाटतं, सुटावेत एकदाचे." ऐकणारा दचकत नाही. तो म्हणतो, "आमचं बी तसंच हाय बघा." या उत्तराची किंमत आपल्याला अजून कळलेली नाही.

मिरज हे दवाखान्यांचं शहर आहे, हे मी अभिमानाने सांगते. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि त्यांच्याभोवती खासगी दवाखान्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या वाढल्या. सांगली जिल्ह्यातले, कोल्हापूर-सोलापूरच्या काही भागातले आणि सीमेपलीकडचे बेळगाव-विजापूरकडचे लोक आजही अडलं की मिरजेचीच वाट धरतात. सव्वाशे वर्षांत या शहराने आजाऱ्याला बरं करायची विद्या कमावली. पण प्रत्येक आजाऱ्याबरोबर एक धडधाकट माणूसही इथे येतं. ते खुर्चीत बसल्याबसल्या झोपतं, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिने उतरतं-चढतं, आणि कागदावर त्याचं नाव फक्त संमतीपत्राच्या खाली, सहीपुरतं. त्याच्या मनाचं काय चाललंय याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

माझं म्हणणं असं आहे, की दीर्घकाळ आजारी असलेल्याचं सगळं करणाऱ्या माणसाला मनाचा आधार मिळणं, ही त्याच्या नशिबावर किंवा घरच्यांच्या चांगुलपणावर सोडायची गोष्ट नव्हे. ती आरोग्यसेवेची जबाबदारी आहे. हा आधार घरातच मिळतो, मिळायला हवा, ही आपली समजूत मला पटत नाही. तो आधी मिळतो त्याच वाटेने चाललेल्या परक्या माणसात. व्हरांड्यात तो आपोआप मिळतो, आणि डिस्चार्जचा कागद हातात पडला की त्याच दिवशी संपतो.

खरं काम सुरू होतं ते मात्र डिस्चार्जनंतर. पक्षाघात झालेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. नाकातल्या नळीतून पेज घालायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, रात्री उठून अंथरूण बदलायचं, सकाळी परत घरातल्यांचे डबे. दवाखान्यात तीन पाळ्यांत नर्सेस, मावशी आणि वॉर्डबॉय मिळून जे करतात, ते घरी एकटं माणूस करतं, आणि बहुतेक घरांत ती बाई असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाची तरी काळजी घेण्यात वेळ देताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. अशा स्त्रिया दिवसाला सरासरी १४० मिनिटं देतात, पुरुष ७४. यात मुलांना सांभाळण्याचा वेळही धरलेला आहे, पण वाटणी कशी आहे ते यावरून कळतंच. शिवाय ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तिथे ही सरासरी काहीच सांगत नाही. तिथे मिनिटं मोजायची सोयच नसते, कारण काम संपलं असं कधी होतच नाही.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली घरंच्या घरं सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. साताऱ्याकडे माण-खटावची माणसं आधी मुंबईच्या गिरण्यांत गेली, आता पोरं पुण्यात कंपन्यांमध्ये आहेत. गावातल्या घरात म्हातारी माणसं उरली आणि त्यांच्याजवळ एखादा मुलगा, एखादी सून. जो उरला त्याच्या वाट्याला सगळं आलं. बाहेर गेलेले भाऊ वाईट नसतात. पैसे पाठवतात, व्हिडिओ कॉल करतात. पण फोनवरून ते विचारतात ते आईला, आणि सुनेला सांगतात ते सूचना: दुसऱ्या डॉक्टरला दाखवून बघ, फिजिओथेरपी नियमित होते का, एसी बसवू का. या प्रत्येक प्रेमळ वाक्यात तिला तपासणी ऐकू येते. ती तसं बोलत नाही. बोलली तर 'नको झालं तर सांगा, आम्ही बघतो' हे उत्तर ठरलेलं, आणि ते खरं होणार नाही हे दोघांनाही माहीत असतं.

घरात ती का बोलू शकत नाही, हे नीट पाहायला हवं. आपल्याकडे सेवेचं कौतुक फार आहे, आणि कौतुकाने तोंड बंद होतं. 'तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं', 'पुण्य लागेल बाई तुला', 'आईबापाचं केलेलं वाया जात नाही'. हे म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण ज्या बाईला आत्ताच सगळ्यांनी पुण्यवान ठरवलं, तिने पुढच्याच क्षणी 'मला यांचा राग येतो, काल मी त्यांचा हात झटकला' हे कुणाला सांगायचं? पुण्याच्या हिशोबात रागाला जागा नाही. कंटाळ्याला नाही. किळस तर उच्चारायचीच नाही. म्हणून ते सगळं आत साठतं, आणि वर अपराधीपणाची भर पडते. ज्याला असं वाटतं तो माणूसच वाईट, अशी तिची खात्री होते, कारण असं वाटणारं दुसरं कुणी तिला भेटलेलंच नसतं.

आषाढीला इथून दिंड्या निघतात, त्यामुळे पुंडलिकाची गोष्ट आमच्याकडे पोरंसोरंही सांगतात. आईवडिलांची सेवा चालली होती म्हणून त्याने दारात आलेल्या देवाला विटेवर उभं केलं. मला त्या गोष्टीत देवाचं वागणं फार महत्त्वाचं वाटतं. तो थांबला. आत येऊन त्याने पुंडलिकाला उपदेश केला नाही, पाय कसे चेपावेत ते सांगितलं नाही, हातातलं काम टाकून माझं आदरातिथ्य कर असंही म्हटलं नाही.

आपल्या घरी भेटायला येणाऱ्यांचं वागणं आठवून पाहा. दुपारी चारला चौघं येतात, केळी किंवा बिस्किटांचा पुडा आणतात. आदल्या रात्री दोन तास झोपलेली बाई उठून चहा टाकते. पाहुणे आजाऱ्याजवळ बसतात, 'फार वाळलात हो' म्हणतात, तिच्याकडे वळून 'खातात का नीट?' असं विचारतात, कुठल्याशा गावच्या औषधाचा पत्ता देतात आणि 'काळजी घ्या' म्हणून निघतात. कपबशा तिनेच विसळायच्या असतात. आजाऱ्याला भेटायला जाण्याची आपली रीत चांगली आहे, ती मोडू नये. पण त्या रीतीत करणाऱ्याकडे पाहायची जागा ठेवलेली नाही, हे मान्य करायला हवं. तिला 'तू थोडा वेळ पड, आम्ही बसतो इथे' असं म्हणणारा पाहुणा मी क्वचित पाहिला.

विस्मरणाच्या आजारात हे सगळं आणखी अवघड होतं. माझ्या सासूबाईंना तो आजार होता, म्हणून याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. या आजारात चोरीचा संशय येणं अगदी सर्रास दिसतं. पाटल्या, पैसे, कपाटाच्या किल्ल्या. ठेवलेली जागा आठवत नाही, म्हणून वस्तू कुणीतरी नेली. आणि जे माणूस सतत जवळ असतं तेच चोर ठरतं. तसंच जेवणाचं. ताट उचलून दहा मिनिटं होत नाहीत तोवर शेजारणीला सांगायचं, 'मला सकाळपासून काही दिलं नाही.' डॉक्टरांना हे ठाऊक असतं. शेजारणीला नसतं. नणंदेला नसतं. तिच्या मनात शंका येते, ती भावाला फोन करते, आणि जी बाई आपलं अख्खं आयुष्य त्या खाटेभोवती गुंडाळून बसली आहे तिच्याकडे घरातली माणसं वेगळ्या नजरेने बघायला लागतात. मी स्वतः वाटी धुण्याआधी कुणाला तरी दाखवून ठेवायला लागले होते.

यातून मला कुणी सोडवलं असेल तर ते एका दवाखान्याच्या बाकड्यावर भेटलेल्या कवठेमहांकाळकडच्या बाईंनी. त्यांच्या वडिलांचं तेच चाललं होतं. त्या म्हणाल्या, "आमचं आण्णा तर मला पोलिसात द्यायला निघालं होतं. तवापासून मी भांडत न्हाई. व्हय आण्णा, शोधू या म्हंते, आन् दोघं मिळून कपाट उचकतो. इसरत्यात मग." माझ्या सासूबाई मला चोर म्हणतात याचा माझ्या चारित्र्याशी संबंध नाही, ही गोष्ट मला डॉक्टरांनी आधीच सांगितली होती. पण ती मनाला पटली त्या बाकड्यावर. डॉक्टरांकडून माहिती मिळते. आपण एकटे नाही ही जाणीव त्यांच्याकडून मिळू शकत नाही, ती त्यांच्या हातातली गोष्टच नव्हे.

आणखी एक दुःख आहे, त्याला आपल्याकडे कुणी सांत्वनाला येत नाही. अमेरिकेतल्या संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांचा अभ्यास केला. माणूस गेला म्हणावं तर प्रेत नाही, आहे म्हणावं तर घरी नाही. पुढे त्यांनी तसंच दुःख विस्मरणाच्या रुग्णांच्या घरी उलट्या रूपात पाहिलं: शरीर समोर आहे, पण ज्याच्याशी संसार केला ते माणूस हरवलं आहे. घरटी फौजी असलेल्या सातारा जिल्ह्यातल्या बायकांना यातलं पहिलं दुःख समजावून सांगायला नको. दुसरं मात्र त्याच बायकांना म्हातारपणी एकट्याने सोसावं लागतं. नवरा समोर बसलेला असताना नवऱ्यासाठी रडायचं कसं? सुतक नाही, दिवस नाहीत, भेटायला येणारे 'अजून आहेत ना, हेच देवाचे उपकार' म्हणणार.

हे सगळं केवळ मनाचे खेळ आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एकच आकडा देते. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजारी जोडीदाराचं करताना ज्यांना ताण जाणवत होता, अशा वृद्धांमध्ये चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण, असा भार नसलेल्या वृद्धांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळलं. पेशंटआधी पेशंटचं करणारं माणूस गेलं, अशी घरं आपल्याही माहितीत असतात. आपण त्याला दैव म्हणतो.

कायद्याकडे वळलं की आणखी आश्चर्य वाटतं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगतो. योग्यच आहे. पण जो सोडून देत नाही, त्याच्यासाठी त्या कायद्यात काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोबदला न घेता करणाऱ्या आईबापांनाही काळजीवाहक म्हटलं आणि जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद लिहिली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही काळजीवाहकाची व्याख्या आहे. पण व्याख्येत नाव आलं म्हणून रात्रीची झोप मिळत नाही. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम' नावाची योजना काढली, महिना ६०० रुपयांची. रक्कम अगदी तुटपुंजी आहे. तरीही ते पैसे आजाऱ्याचे नसून करणाऱ्याचे आहेत, हे सरकारने मान्य केलं. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान येतं ते रुग्णाच्या नावाने. करणारीच्या नावाने काहीच येत नाही.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते, आणि तो खोटा नाही: बोलून काय होणार, आधी पैसे द्या, बाई ठेवायला मदत द्या. डायपर, औषधं, ब्यूरोच्या बाईचा पगार यांनी घरं खचलेली मी पाहिली आहेत. ज्या बाईला झोप मिळालेली नाही तिला समुपदेशनाला बोलावणं हा अन्यायच आहे. म्हणूनच मनाचा आधार आणि सुटका या दोन गोष्टी वेगळ्या करू नयेत. तिला दोन तास बोलायला बोलवायचं असेल, तर त्या दोन तासांत खाटेजवळ बसायला माणूस द्यावं लागेल. तेवढं न करता ठेवलेली बैठक फोटोपुरती राहील. पण उलटही खरं आहे. नुसते पैसे दिले तर बाई ठेवता येईल, आणि तरीही 'मी वाईट आहे' ही खात्री मनात तशीच राहील. त्या खात्रीनेच पुष्कळ बायका ठेवलेल्या बाईलाही रजा देऊन टाकतात. आपण नुसतं बसून राहायचं आणि परक्या बाईने सासऱ्यांचं करायचं, हे त्यांना सहन होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडे कुटुंब आहे, शेजार आहे, ही गटांची कल्पना पाश्चात्त्य. शेजार आहे हे मला मान्यच आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून, खांद्यावर घेऊन बोटीपर्यंत आणलं. कुणाच्या घरी कोण अंथरुणाला आहे ते गल्लीला न विचारता माहीत होतं. संकट आठवड्याचं असलं की आपण सगळे असतो. पक्षाघाताचं आजारपण आठ-दहा वर्षं चालतं, आणि तेवढा दम शेजाराकडून मागणं बरोबरही नाही. त्यासाठी व्यवस्थाच लागते.

आणि ही कल्पना परकी तरी कुठे आहे? अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी सहचरी गट चालतो. नवऱ्याची दारू सुटायला हवी असेल तर बायकोलाही जागा हवी, हे त्यांनी ओळखलं. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या परिवर्तनसारख्या संस्थेमुळे व्यसन हा आख्ख्या घराचा आजार आहे, हा विचार आपल्या भागात पोचला. व्यसनाच्या बाबतीत आपण जे शिकलो ते पक्षाघात, कर्करोग, विस्मरण, मानसिक आजार यांना लावायचं राहून गेलं, एवढंच.

एका ठिकाणी मात्र मी या कामातल्या उत्साही मंडळींशी सहमत नाही. गावागावात बचत गट आहेत, त्यांतच हा विषय घ्या, असं सुचवलं जातं. नको. गटात चुलत जाऊ बसलेली असते, भावकीतली सासू असते. तिथे 'सासऱ्यांचा राग येतो' म्हटलेलं संध्याकाळी पाराजवळ पोचेल. ज्या घरात मानसिक आजार आहे आणि धाकट्या मुलीचं लग्न व्हायचंय, त्या घरची आई तर तोंडही उघडणार नाही. व्हरांड्यात माणसं मोकळी होतात ती नेमकी परकी असतात म्हणून. त्यामुळे बोलायची जागा गावाबाहेर हवी, आणि ती आधीच ठरलेली आहे: मिरज, सांगली, कराड, सातारा. जिथे ही माणसं फेरतपासणीला महिन्याच्या महिन्याला येतातच.

मेंदूविकार, मानसोपचार, कर्करोग यांच्या ओपीडीच्या दिवशी केसपेपर काढण्यापासून औषधाच्या खिडकीपर्यंत तासन्‌तास रांगेत जातात. करणारी माणसं तिथे आपल्या खर्चाने, आपणहून जमलेली असतात. त्यांच्यासाठी एक खोली आणि एक तास काढायला नवी इमारत लागत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकांची पदं आहेत. या माणसांचा बराचसा वेळ योजनांच्या कागदपत्रांत जातो, पण त्यांचं शिक्षण लोकांशी बोलण्याचंच असतं. त्या तासात पेशंटजवळ बसायला नर्सिंगच्या विद्यार्थिनी आहेत, मिरजेत त्यांची वाण नाही. शिकण्याच्या दृष्टीनेही तो तास त्यांच्या उपयोगाचा आहे. त्या खोलीत उपदेश करायचा नाही, कुणाला औषधं सुचवायची नाहीत, इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, एवढे नियम पुरेत. खासगी दवाखान्यांनीही हे करावं. डिस्चार्जच्या कागदावर पथ्य लिहितात, तिथेच खाली या बैठकीचा वार लिहावा.

गावपातळीवर बैठक नको म्हटलं, पण विचारपूस हवी. आशाताई घरोघर जाऊन तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तपासणी तक्ता भरतात. त्यात घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे का, रोजच्या गोष्टींसाठी कुणाचा आधार लागतो का, हे विचारलेलं असतं. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, हेही असतं. फक्त या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या नाहीत. अंथरुणाला खिळलेलं माणूस सापडलं की पुढचा प्रश्न हवा: यांचं कोण करतं, आणि त्यांना झोप मिळते का? हा प्रश्न आशाताईने आजाऱ्यासमोर न विचारता अंगणात विचारावा. उत्तर बरं नसेल तर ते आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या, म्हणजे गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत जावं. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे हे मला माहीत आहे, म्हणून हे काम त्यांच्या मोबदल्यात मोजलं जावं.

१० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन सुरू आहे, क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक घरात लिहिलेला असावा, विशेषतः जिथे करणारीच्याच मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात तिथे. पण दोन खोल्यांच्या घरात फोन करायचा कुठून? आजारी माणूस त्याच खोलीत, कान शाबूत. कित्येक बायका गच्चीवर वाळवण घालायच्या निमित्ताने बोलतात. तेव्हा फोन हा एक आधार आहे, पण समोरासमोर बसण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

करणाऱ्या पुरुषांबद्दलही एक बोलायचं आहे. बायकोचा कर्करोग सांभाळणारे, मतिमंद मुलाला आंघोळ घालणारे बाप आहेत. त्यांना कट्टा असतो, पारावरची संगत असते, पण तिथे साखर कारखान्याचं, द्राक्षाच्या दराचं बोलणं होतं. 'तिला आंघोळ घालताना मला रडू येतं' हे होत नाही. त्या खोलीत ते आले तर मागच्या बाकावर गप्प बसतील. बसू द्यावं. माझा अनुभव असा, की दुसऱ्याचं ऐकणं हीसुद्धा त्यांना मिळालेली पहिलीच मोकळीक असते.

बाहेरगावच्या भावाबहिणींना माझी हात जोडून विनंती आहे. सूचना पाठवू नका, स्वतः या. सणाला पाहुण्यासारखे येऊ नका. वहिनी माहेरी जाईल किंवा दादा देवदर्शनाला जाईल, तेवढे दिवस रजा काढून या. रात्री दोनला तुम्ही उठा. जाताना 'तुम्ही छान करताय' म्हणू नका. 'तुला काय जड जातंय' असं विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या, ते तुमच्या आईबद्दल कितीही कडू असलं तरी.

राहता राहिला प्रश्न, अशा बैठका चालवायला माणसं कुठून आणायची. गोव्यात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विस्मरणाचे रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांत तो झाला. घरी जाऊन आधार देण्याचं काम गावातल्याच, फारशा पदव्या नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन सोपवलं होतं, वर मानसोपचारतज्ज्ञांची देखरेख. सहा महिन्यांत करणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यात स्पष्ट सुधारणा दिसली. आमच्या भागात अशी माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही. ज्यांच्या घरचं आजारी माणूस गेलं, त्यांच्याकडे जावं. तेरावं झालं की पाहुणे पांगतात, 'सुटलीस बाई' म्हणतात, आणि जिचे दहा वर्षं सगळे तास दुसऱ्याच्या नाडीला बांधलेले होते तिला सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही. तिला नळी कशी स्वच्छ करायची ते माहीत आहे, चोर म्हटल्यावर काय बोलायचं ते माहीत आहे, आणि 'सुटावेत एकदाचे' हे ऐकून ती दचकणार नाही. अशा बायकांना आणि पुरुषांना थोडं प्रशिक्षण आणि नीट मानधन द्यावं. जिल्हा नियोजन समितीच्या आरोग्याच्या निधीतून एवढ्या खर्चाची तरतूद व्हावी, आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयात महिन्यातल्या एका ओपीडीच्या दिवशी, एका खोलीत हे सुरू व्हावं, अशी माझी मागणी आहे.